चिरंजीवांच्या हाती किल्ली देण्यापूर्वी

आपल्या चिरंजीवांना सतरावे वर्ष लागले असेल, त्यांचे पाय क्लचपर्यंत पोहोचत असतील आणि त्यांनी पार्किंगमध्ये गाडी दोन वेळा मागे-पुढे केलेली असेल, तर लायसन्ससारख्या क्षुल्लक कागदासाठी त्यांना अठरा पूर्ण होईपर्यंत ताटकळत ठेवू नये. किल्ली सरळ हाती द्यावी. विम्याचा हप्ता आपण भरतो तो कशासाठी?

मुहूर्त रविवार सकाळचा धरावा, कारण त्या वेळी इतरांच्या गाड्या धडक घ्यायला जागेवर हजर असतात. माझी होती.

पॉलिसी उघडून पाहू नये. अपघाताच्या वेळी चालकाकडे वैध लायसन्स असले पाहिजे, असे एक अप्रिय वाक्य तीत असते, आणि ते मोडल्यास आपल्याच गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारू शकते, हे कळले की रविवारची मजा जाते.

धडक बसताच चपळाई दाखवावी. चिरंजीवांना जिन्याने वर पाठवावे, स्वतः चालकाच्या जागी बसावे आणि ‘गाडी मीच काढत होतो’ असे जमलेल्या मंडळींना सांगावे. माझ्या शेजाऱ्यांनी हेच केले. आसन मात्र चिरंजीवांच्या मापाने इतके पुढे ओढलेले होते की शेजाऱ्यांचे पोट स्टिअरिंगला अडकले, आणि त्याच अवस्थेत ते मला ब्रेकचा दोष समजावून सांगत राहिले.

त्यानंतर ज्याची गाडी ठोकली त्याला मोठ्या मनाने म्हणावे, ‘तुमचा फुल इन्शुरन्स आहे ना, त्यातून करून घ्या.’ हा सल्ला फारच सोयीचा आहे, फक्त त्याचा खर्च दुसऱ्याने सोसायचा असतो. सलग पाच वर्षे एकही क्लेम न करता मी ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, जमवला होता. या एका क्लेमने तो शून्यावर येणार. बंपर प्लास्टिकचा, म्हणून झिजेपोटी त्याची निम्मी किंमत माझ्या खिशातून, आणि वर सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकाने स्वतः सोसायची ठराविक रक्कम. तुमच्या थर्ड पार्टी विम्यातून, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असलेल्या विम्यातून, मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत भरपाईची सोय असते खरी, पण ती मागायला मी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचे, वकील गाठायचा, तारखा घ्यायच्या, आणि तेथे तुमची कंपनी ‘चालकाकडे लायसन्सच नव्हते’ असे म्हणणार! एका बंपरसाठी आणि एका दरवाजासाठी! मी काय केले होते? मी गाडी लावून झोपलो होतो.

दंडाची चिंता करू नये, तो दुसऱ्यांना होतो.

आता पुरे. साहेब, त्या जागी माझ्या गाडीऐवजी एखादे मूल उभे असते तर? स्वर्णसिंग खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा निकाल वाचा. जखमीला कंपनीने आधी भरपाई द्यायची आणि मग ती मालकाकडून वसूल करायची, असे आदेश होतात; म्हणजे ती रक्कम तुमच्या घरातून गेली असती. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. मला माहीत नव्हते, असे तुम्हाला म्हणता येणार नाही, कारण किल्ली तुम्हीच दिलीत. वर बापाने खोटे कसे बोलावे, हेही त्याला जिन्यात उभे राहून ऐकू दिलेत. लाज वाटायला हवी होती.

नुकसान तपासणारा विम्याचा सर्व्हेअर गुरुवारी येणार आहे. धडक देणाऱ्या गाडीत कोण होते, असे तो विचारील तेव्हा मी चिरंजीवांचेच नाव सांगणार आहे.