टायर फुटला, त्यात ड्रायव्हरचा काय दोष? – एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, ‘टायर फुटला तरी जबाबदारी चालक-मालकाची’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो: “एसीत बसून लिहायला वकिलाचं काय जातं? टायर फुटणं म्हणजे देवाची करणी आणि नारळात पाणी. कारच्या केसचा निकाल ट्रकवाल्यांच्या गळ्यात मारू नका, आधी खड्ड्यांवर लिहा.” घरच्या दोन गाड्या, पंचवीस वर्षं स्टेअरिंगवर असलेले वडील, आणि ते रोज सकाळी हातोडीने टायर ठोकून बघतात, हेही तुम्ही लिहिलंय. त्या हातोडीकडे शेवटी येतो.

एक चूक आधी कबूल करतो. मुंबई उच्च न्यायालयाचा फेब्रुवारी 2023 चा निकाल कारच्या अपघाताचा होता. 2010 मध्ये पुण्याहून मुंबईकडे येताना मागचा टायर फुटून गाडी खड्ड्यात गेली होती. माझ्या लेखातल्या वाक्यावरून तो ट्रकचा वाटत होता. ते वाक्य दुरुस्त केलंय.

पण त्या खटल्यात ‘देवाची करणी’ कोण म्हणत होतं? विमा कंपनी. सुमारे सव्वा कोटीची भरपाई द्यावी लागू नये म्हणून. न्यायालयाने सांगितलं की जास्त वेग, कमी किंवा जास्त हवा, जुना टायर, तापमान अशी टायर फुटण्याची कारणं असतात आणि निघण्याआधी टायर बघणं हे चालक-मालकाचं काम आहे. म्हणजे तुम्ही ड्रायव्हरच्या बाजूने जो मुद्दा मांडताय, तो कोर्टात कंपनीचा वकील मांडतो. तो मान्य झाला तर पैसे कंपनीचे वाचतात. ड्रायव्हरच्या हाती काही लागत नाही.

ट्रकचंच हवं असेल तर 1977 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा, तो लॉरीचा आहे. यांत्रिक बिघाडामुळे अपघात झाला असं मालक म्हणत असेल तर ते त्यानेच सिद्ध करायचं. शिवाय सगळी वाजवी काळजी घेऊनही दोष लपून राहिला, हेही त्यानेच दाखवायचं. तुम्हाला हा अन्याय वाटेल, मला नाही वाटत. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या बायकोला काय ठाऊक, तो टायर किती वेळा रिमोल्ड झाला (घासलेल्या टायरवर नवं रबर चढवलं), आत गेटर (फाटलेल्या जागी लावायचा जुन्या टायरचा तुकडा) टाकलं होतं का, त्या दिवशी वजनकाट्यावर किती टन निघाले? ही माहिती मालकाकडेच असते. हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत दबतात आणि सुटतात, टायर तापतो, आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात. जोडटायरमधल्या (शेजारी-शेजारी लावलेल्या दोन टायरांपैकी) आतल्या टायरची हवा गेली तर बाहेरून पटकन कळतही नाही, आणि त्याचा भार शेजारचा टायर वाहत राहतो. तो शेजारचा फुटतो तेव्हा आपण म्हणतो ‘अचानक’.

‘टायर फुटला’ हे अपघातानंतरचं पहिलं वाक्य असतं, आणि तेही दरवेळी खरं नसतं. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस जळून 25 माणसं गेली. टायर फुटल्याचं चालकाने सांगितलं होतं. परिवहन खात्याच्या अहवालात तशा खुणा मिळाल्या नाहीत.

आता खड्डे. इथे तुम्ही योग्य जागी बोट ठेवलंय. रस्त्याची देखभाल निकृष्ट असल्याने मृत्यू किंवा इजा झाली तर कंत्राटदार व संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड, अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली. दंड तुटपुंजा आहे आणि तो कुणाला झाल्याचं आमच्या वकिलांच्या बाररूममध्ये तरी ऐकिवात नाही. पण खड्ड्याने मालक आपोआप सुटत नाही. यावर ब्रिटनमधला 1950 चा हाउस ऑफ लॉर्ड्सचा (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) एक निकाल मला फार आवडतो. साउथ वेल्स ट्रान्सपोर्ट कंपनीच्या बसचा पुढचा टायर फुटला, बस रस्ता ओलांडून बांधावरून खाली कोसळली आणि काही प्रवासी मेले. टायरला बाहेरून मार बसून आतून इजा झाली होती आणि ती बाहेरून दिसेलच असं नव्हतं. कंपनी म्हणाली, आम्ही नियमित तपासणी करतो. तरीही ती हरली. कारण टायरला जोराचा दणका बसला तर येऊन सांगा, असं तिने ड्रायव्हरांना कधी बजावलंच नव्हतं. जोराचा दणका कुठला हे चांगल्या ड्रायव्हरला हाताला कळतं, असं लॉर्डांनी मानलं. ते तुमच्या वडिलांना विचारून बघा.

ड्रायव्हरची भीती मी समजू शकतो, पण दोन गोष्टींची गल्लत होतेय. फौजदारी खटल्यात हयगय संशयापलीकडे सिद्ध व्हावी लागते. तिथे निर्दोष सुटलेल्या ड्रायव्हरच्या प्रकरणातही अपघात न्यायाधिकरण भरपाई देऊ शकतं, आणि गाडीचे कागद नीट असतील तर ती विमा कंपनी भरते. पगारी ड्रायव्हर स्वतः जखमी झाला तर कामगार भरपाईच्या तरतुदींखाली (आधी 1923 चा कायदा, नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता) त्याला मालकाची चूक दाखवावी लागत नाही. हे बहुतेकांना माहीतच नसतं, आणि कित्येक मालक मुद्दाम सांगत नाहीत.

टायर कंपनीला का सोडता, असंही तुम्ही विचारलंय. सोडत नाही. सदोष मालाची जबाबदारी 2019 च्या ग्राहक कायद्यात आहे. पण व्यवसायासाठी केलेली खरेदी त्यात बसत नाही. पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा त्यात बसतो, वीस गाड्यांचा ट्रान्सपोर्टवाला नाही. दोन गाड्यांवर तुमच्या वडिलांना काय म्हणायचं, यावर वकील भांडू शकतील. आणि टायरच भंगारात गेला असेल तर भांडून उपयोग नाही. फुटलेला टायर, त्याचे तुकडे, त्यावरचा आठवडा आणि वर्षाचा चार आकडी शिक्का, हे सगळं पंचनाम्यात यायला हवं. मी पाहिलेल्या बहुतेक पंचनाम्यांत ‘टायर फुटलेला’ एवढेच दोन शब्द असतात.

म्हणून हातोडीबद्दल विचारतो. वडील टायर ठोकतात, आवाजावरून हवा ओळखतात, हे मला शंभर टक्के पटतं. पण ते कुठे लिहिलेलं असतं का? तारीख, गाडीचा नंबर, कुठला टायर काढला, रिमोल्ड कधी केलं, काट्याची पावती? एक साधी वही असली तरी चालेल. नसेल तर उद्यापासून क्लीनरच्या हातात द्या.