हवामान रोजच बदलतं, बदललंय ते ऋतुमान

"उद्याचा पाऊस धड सांगता येत नाही आणि हे म्हणे 50 वर्षांनंतरचं हवामान सांगणार!" हे वाक्य दर पावसाळ्यात ग्रुपवर फिरतं. निदान पुण्यात तरी ते खपू नये असं मला मनापासून वाटतं. 1928 साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरची ती इमारत आपण आजही 'शिमला ऑफिस' म्हणूनच ओळखतो.

मात्र असं लिहिणाऱ्यांना मी दोष देणार नाही. वेदर आणि क्लायमेट, दोन्हींना आपण 'हवामान'च म्हणतो. घोळ तिथे आहे.

क्लायमेट शब्दाच्या मुळाशी ग्रीक 'क्लिमा' आहे. क्लिमा म्हणजे उतार, कल. ग्रीकांनी पृथ्वीचे पट्टे पाडले ते सूर्याच्या कलावरून, थंडी-पाऊस मोजून नव्हे. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस जिथे जिथे सारख्याच लांबीचा, ती सगळी ठिकाणं एका पट्ट्यात. 'दिवस कलला' म्हणणाऱ्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला, त्यामुळे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलैत ढगांमुळे दिसणं कठीण, पण मेमध्ये दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीत स्टीलचा सरळ उभा डबा ठेवून बघा. सावली डब्याखालीच गडप होते. ग्रीकांच्या लेखी आपलं क्लायमेट एवढंच! जागेला कायमचं बांधलेलं, न बदलणारं.

पण ही व्याख्या आपल्याच जिल्ह्यात कोलमडते. लोणावळा, पुणे, बारामती हे सगळे एका अंशाच्या आतबाहेर. तरी लोणावळ्याला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्याला साधारण सातशे-साडेसातशे आणि बारामतीला त्याहूनही कमी. सूर्याचा कल जवळपास तोच, फरक सह्याद्रीने केला. 1817 साली हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने सारख्या तापमानाच्या जागा नकाशावर रेषांनी जोडल्या, तेव्हा त्या रेषाही अक्षांशांना सोडून वाकड्यातिकड्या गेल्या. हळूहळू शब्दाचा अर्थ सरकला. आज क्लायमेट म्हणजे एखाद्या जागेच्या हवेचा वर्षानुवर्षांचा स्वभाव, आणि त्याची सरासरी काढायला साधारणपणे 30 वर्षांच्या नोंदी धरतात.

म्हणून ग्रुपवरचं ते वाक्य चुकीचं आहे. एप्रिलच्या नेमक्या कुठल्या दुपारी पारा चाळिशी गाठेल हे मार्चमध्ये कोणी सांगू शकत नाही. पण पुण्यात एप्रिल जानेवारीपेक्षा जास्त तापणार, हे सांगायला काही लागतं का? हे दोन प्रश्नच वेगळे आहेत.

आणि दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्याकडे चांगला शब्द आहे: ऋतुमान. 'पूर्वीसारखं ऋतुमान राहिलं नाही' असं गावाकडची म्हातारी माणसं म्हणतात. उद्याच्या सरीबद्दल ती बोलत नसतात, आयुष्यभर पाहिलेल्या पावसाळ्यांबद्दल बोलत असतात. 'हवामान बदल' ऐकून माणूस साहजिकच म्हणतो, हवामान तर रोजच बदलतं, त्यात नवल काय! 'ऋतुमान बदल' म्हटलं तर असं कोणी म्हणणार नाही.

2020 साली हवामान खात्याने मान्सूनच्या सर्वसाधारण तारखाच बदलल्या. वायव्य भारतातून पाऊस परतायला लागण्याची तारीख 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबरवर गेली. ही ऋतुमानाची बातमी होती. पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांत मथळे देणाऱ्यांनी हा शब्द वापरायला घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती.