मावशीच्या फोनमधलं ‘ऑनलाइन डॉक्टरांचं कारस्थान’

गेल्या सप्टेंबरात रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. मावसाजी तालुक्याच्या हॉस्पिटलात भरती, तापाचा सातवा दिवस, आणि ही म्हणते, “त्या टीव्हीवरच्या डॉक्टरनं इंजेक्शन बंद करायला लावलं. मी सही करून ह्यांना नागपूरला हलवते. तुला एक पाठवलंय, ते वाच आधी.”

वाचलं. तुमच्याही ग्रुपवर फिरलं असेल. ‘ऑनलाइन स्पेशालिस्ट हे नवीन कारस्थान! जागे व्हा!’ म्हणणं थोडक्यात असं: स्क्रीनवरून पेशंट तपासता येत नाही. असा सल्ला बेकायदा आहे, हायकोर्टानंच सांगितलंय. हे फक्त खेड्यातल्या गरिबांच्या माथी मारतात. बिल फुगवायचा धंदा आहे. आणि हे डॉक्टर चालू असलेलं भारी अँटिबायोटिक थांबवून साधी गोळी देतात, कारण हॉस्पिटलचा खर्च वाचवायचा असतो. तसं झालं तर पेशंट ताबडतोब हलवा.

एकाच मेसेजात बिल फुगवतातही आणि खर्च वाचवतातही. एक काय ते ठरवा ना.

मी नागपुरात मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर कल्चरच्या, म्हणजे पेशंटच्या नमुन्यातले जंतू वाढवलेल्या, प्लेटा बघायच्या आणि कुठल्या जंतूवर कुठलं औषध चालतं ते लिहून द्यायचं, हे माझं पोट. त्यामुळे शेवटच्या मुद्द्यावर मी सर्वात जास्त भडकले. पण क्रमानं घेते.

‘तपासता येत नाही.’ त्या दिवशी काय झालं ते ऐका. सलाइनच्या स्टँडला टॅब बांधलेला. पलीकडे नागपूरचे संसर्गजन्य रोगांचे डॉक्टर. अलीकडे पलंगाशी तिथले ड्यूटी डॉक्टर आणि सिस्टर. प्लेटलेट कमी, लिव्हरचे आकडे वाढलेले, डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह. पलीकडून पहिला प्रश्न आला: “इंजेक्शन सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर घेतलं होतं?” कोणी बोलेना. दुसरा प्रश्न: “हे काम काय करतात?” मावशी म्हणाली, शेती, धानाची. पंधरवड्यापूर्वी धुऱ्यावरचं गवत कापलं. तिसरा: “काख, जांघा आणि कमरेभोवती नीट बघा. कपडा घट्ट बसतो ती प्रत्येक जागा.” सिस्टरनं करदोडा वर सरकवला. त्याच्या गाठीखाली काळी खपली, विडीचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून मावसाजींनी कोणाला सांगितलीच नव्हती. टॅब जवळ नेला, आणि पलीकडून उत्तर आलं: स्क्रब टायफस. गवता-झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. चावतो तिथे बऱ्याचदा अशी खपली धरते.

हात तिथल्याच डॉक्टरचा होता, सिस्टरचा होता. कुठे बघायचं हे सांगणारा लांब होता. पाच दिवस जवळच्या कोणालाही करदोडा सरकवायचं सुचलं नव्हतं. मलाही नाही. माझ्याकडे रिपोर्टचे फोटो रोज येत होते.

बेकायदा? मेसेजवाल्यानं हायकोर्टाचं नाव घेतलंय, तर ते प्रकरणही पूर्ण सांगायचं होतं. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयानं रत्नागिरीच्या एका डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन नाकारला होता. सिझेरियन झालेली बाई पुन्हा भरती झाली तेव्हा हॉस्पिटलात डॉक्टरच नव्हता. फोनवरच्या सूचनांवर नर्सिंग स्टाफनं उपचार केले आणि ती बाई गेली. तिथे कोर्टापुढे प्रश्न होता तो पेशंटजवळ डॉक्टर नसण्याचा. इथे पेशंटजवळ डॉक्टर आहे आणि तो दुसऱ्या डॉक्टरला विचारतोय. शिवाय २५ मार्च २०२०ला, म्हणजे देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, टेलिमेडिसिनचे, म्हणजे लांबून वैद्यकीय सल्ला देण्याचे, अधिकृत नियम आले. डॉक्टरनं डॉक्टरचा सल्ला घेणं त्यात चक्क लिहिलेलं आहे, आणि उपचारांची जबाबदारी सल्ला मागणाऱ्या, पेशंटजवळच्या डॉक्टरवर राहते हेही.

‘फक्त गरिबांच्या माथी’: जुलै २०२०मध्ये दिल्लीच्या एम्सनं कोविडच्या आयसीयूंसाठी इतर हॉस्पिटलांच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर चर्चा सुरू केली. पहिल्या खेपेला दहा हॉस्पिटलं होती. त्यातली नऊ मुंबईची, एक गोव्याचं. पुढे?

बिलाचं म्हणाल तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेला पैसे पडत नाहीत. खाजगीत फी घेतात, घेणारच, पावती मागा. अँब्युलन्सवाल्यानं नागपूरपर्यंतचे किती सांगितले होते, ते मावशीनं मला नंतर, तेही हळूच, सांगितलं.

आता ते अँटिबायोटिक.

मावसाजींना मेरोपेनेम चालू होतं, तेच ते भारी इंजेक्शन. मावशीच्या डोक्यात हिशेब सरळ: शिशी महाग, म्हणजे औषध चांगलं. ते काढून डॉक्सिसायक्लिन दिलं, जिच्या एका गोळीला टपरीवरच्या चहाइतकेही पैसे पडत नाहीत. म्हणजे फसवणूक. अगं मावशी, स्क्रब टायफसचा जंतू पेशीच्या आत शिरून बसतो, आणि मेरोपेनेमच्या जातीची औषधं त्याच्यावर चालतच नाहीत. हंडाभर दिलं असतं तरी ताप तसाच राहिला असता. साध्या गोळीनं तो बहुधा दोन दिवसांत उतरतो, मावसाजींचा तिसऱ्या सकाळी उतरला. रक्त तपासायला जिल्ह्याला गेलं होतं. रिपोर्ट ताप उतरल्यावर आला, आणि तेच बरोबर होतं, कारण या रोगात रिपोर्टची वाट बघत गोळी अडवून ठेवायची नसते. त्या रात्री मावशीनं पेशंट हलवला असता, तर सलाइन लावून तीन तासांचा रस्ता, नव्या कॅज्युअल्टीत नव्यानं सगळं सुरू, आणि बहुतेक पुन्हा तेच मेरोपेनेम.

मोठा डॉक्टर मोठं औषध देतो, ही समजूत या मेसेजच्या मुळाशी आहे आणि ती आमच्या लॅबमध्ये रोज दिसते. मेरोपेनेमलाही न जुमानणारे जंतू प्लेटवर सर्रास उगवतात. मग उरतं कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं औषध, आणि त्याच्यासोबत किडनीची काळजी. संसर्गाच्या डॉक्टरचं अर्धं काम औषध थांबवण्याचं असतं. थांबवलं की नातेवाईक चिडतात, म्हणून थांबवायला कोणी धजत नाही.

हे काम लांबून जमतं का, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या युटा आणि आयडाहो भागातल्या इंटरमाउंटन या हॉस्पिटल-समूहानं आपली १५ लहान हॉस्पिटलं घेतली. कुठेही संसर्गतज्ज्ञ मुक्कामी नाही. तीन गट केले. पहिल्याला जुजबी प्रशिक्षण आणि तज्ज्ञांचा फोन नंबर. दुसऱ्याला त्याच्यावर आणखी प्रशिक्षण, आणि काही निवडक औषधांवर तिथल्या तिथे देखरेख. तिसऱ्या गटात तज्ज्ञ टीम लांबून स्वतः कल्चरचे रिपोर्ट बघणार आणि ठरावीक औषधांना तिची मंजुरी लागणार. २०१८ साली निकाल छापून आला: तिसऱ्या गटात भारी अँटिबायोटिकचा वापर २४ टक्क्यांनी आणि एकूण वापर ११ टक्क्यांनी घटला. पहिल्या दोन गटांत घट नाही.

आणि इथे, नाइलाजानं, मेसेजचं थोडं मान्य करावं लागतं. नुसता नंबर भिंतीवर चिकटवून काही होत नाही, हे त्याच अभ्यासात दिसतं. फिनलंडमधल्या २०१३च्या एका अभ्यासात तर रक्तात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू गेलेल्या रुग्णांमध्ये, फक्त फोनवर सल्ला घेतला तिथले निकाल पलंगाशी तज्ज्ञ आला त्यांच्यापेक्षा वाईट निघाले. मला आश्चर्य वाटलं नाही. फोनवर ऐकणाऱ्याला खपली दिसत नाही, आणि सांगणाऱ्यानं जे पाहिलंच नाही ते तो सांगणार कसं? त्यामुळे कोणी ‘स्पेशालिस्टशी बोललोय’ म्हटलं तर विचारा: व्हिडिओ होता का, रिपोर्ट त्यांनी स्वतः पाहिले का, उद्या पुन्हा बघणार का. नेट गेल्यावर काय, तेही विचारा. मावसाजींच्या वेळी दोनदा गेलं. सिस्टरनं स्वतःचा मोबाइल डेटा लावला.

पण तज्ज्ञ पलंगाशी आला असता तर उत्तम, हे ऐकायला बरं वाटतं. येणार कुठून? संसर्गजन्य रोगांत डीएम ही एमडीच्या पुढची पदवी घेतलेले डॉक्टर देशात मोजके, आणि जे आहेत ते मोठ्या शहरांत.

मेसेजची शेवटची ओळ होती, ‘किमान दहा जणांना पाठवा.’ मावशीनं अकरा जणांना पाठवलं होतं, मी धरून. परवा त्याच अकरा जणांना तिनं मावसाजींच्या कमरेवरच्या त्या खपलीचा फोटो पाठवला, करदोड्यासकट. मावसाजी तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.