पेट्रोलच्या झाकणावरून एक स्टार मिळाला, त्याला आमचं उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की साध्या झाकणाचे ५२० रुपये घेतले, चार दिवसांत गाडी चोर्ला घाटात बंद पडली, जुनी कॅपच चांगली होती आणि आम्ही चांगल्या वस्तू खराब सांगून विकतो. चवथीचं सामान आणायला बेळगावला निघालेला माणूस बायकामुलांसकट पावसात घाटात अडकला तर तो चिडणारच, मी पण चिडलो असतो. घाटात जे झालं त्यात आमची चूक आहे, ती आधीच कबूल करतो. पण जुनी कॅप चांगली होती हे मात्र नाही हो मानणार.

काल तुमचा धाकटा भाऊ गाडी घेऊन आलेला, त्याला सगळं उघडून दाखवलं, तुम्हाला त्याने किती सांगितलं माहीत नाही म्हणून इथे लिहितो.

तुमच्या जुन्या कॅपचं रबर दोन ठिकाणी चिरलेलं, नखाने दाबलं तर मऊ असायला हवं ते बांगडीसारखं कडक. टाकी फुल्ल केल्यावर गाडीत पेट्रोलचा वास येतो ही तक्रार घेऊन तुम्हीच आलेला. त्यात समुद्राकाठी उघड्यावर गाडी लागते, झाकणाच्या खळग्यातलं पाणी जायचं भोक मातीने बुजलेलं, म्हणजे पावसाचं पाणी त्या कॅपच्या कडेला साचून राहणार आणि चिरेतून थेंब थेंब आत जाणार. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाला बसतात, मग सकाळी गाडी स्टार्ट होत नाही. म्हणून बदलायला सांगितलं.

आता घाटातली गोष्ट. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर आत व्हॅक्यूम होतो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. कंपनीच्या कॅपमध्ये हवा आत घेणारा एक बारीक व्हॉल्व असतो, पण तो अडीअडचणीपुरता, नेहमीची हवा कॅनिस्टरच्या, म्हणजे टाकीची वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्याच्या, ब्रीदर पाइपमधून येते. तुमचा तो पाइप काल काढला तर तोंडाशी कुंभारणीने मातीचं घर केलेलं, गच्च! कधीपासून होतं देव जाणे. इतके दिवस गाडी चालली ती त्या चिरलेल्या रबरातून टाकी श्वास घेत होती म्हणून. आम्ही नवीन घट्ट झाकण लावलं आणि ती शेवटची फट पण बंद केली 😅 म्हणून तुम्हाला वाटलं जुनी चांगली होती.

हसू नका, २०११ साली माझदाने अमेरिकेत हजारो गाड्या परत मागवलेल्या, कारण काय तर कोळी ह्याच ब्रीदर पाइपमध्ये जाळं करत होता.

आमची चूक कुठे झाली तर पार्किंगमधून पेट्रोल चोरीला जातं म्हणून तुम्ही चावीची कॅप मागितली, आमच्या पोराने बाजारातून लोकल आणून लावली आणि त्यात व्हॉल्वच नव्हता, नुसतं प्लास्टिक आणि कुलूप. मी त्या दिवशी गॅरेजमध्ये होतो, एक फेरी मारून झाकण उघडून बघायला पाहिजे होतं, बघितलं नाही. चालवून आल्यावर झाकण उघडताना हलकंसं फुस्स झालं तर ठीक, पण भस्सकन हवा आत ओढली गेली तर कुठेतरी चोंदलंय समजायचं. घाटात तुम्ही झाकण उघडलं तेव्हा तेच झालं, गाडी लगेच स्टार्ट झाली आणि झाकण सैल ठेवून तुम्ही घरी आलात. डोकं चांगलं चालवलंत, पण तसं रोज फिरू नका, वळणावर पेट्रोल सांडतं.

आणि व्हिडिओ बघून तुम्ही भावाकडून विचारलंत की कॅप खराब होती तर चेक इंजिनची लाईट का नाही लागली. दादा, तो व्हिडिओ अमेरिकेतला, तिथे १९९६ पासूनच्या गाड्या टाकीची वाफ गळते का ते स्वतः तपासतात. तुमच्या गाडीत टाकीचं प्रेशर बघणारा सेन्सरच नाही, लाईट लागणार कुठून? आपल्याकडे नाक आणि बोटं हाच सेन्सर.

पाइप साफ केला, भोक मोकळं केलं, त्याचे पैसे नाहीत. ५२० भावाकडे परत दिलेत. कंपनीची कॅप ऑर्डर केलीय, तिला चावी नाही पण तीन वेळा टकटक वाजेपर्यंत फिरवली की व्यवस्थित बसते. एकच विनंती, पंपावर नोझल कट झाल्यावर राउंड फिगरसाठी अजून ओतायला लावू नका, ते जास्तीचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये जातं आणि मग तो पण गेला, त्याची किंमत ऐकून मला पाच स्टार मिळणार नाहीत.

जुनी कॅप फेकलेली नाही, काउंटरवर डब्यात आहे, रबर स्वतः वाकवून बघा. फक्त शुक्रवारी येऊ नका, म्हापशाचा बाजार असतो, आमच्या दारात स्कूटर लावायला पण जागा नसते. शनिवारी सकाळी या, कॅप तोपर्यंत आलेली असेल.