प्रतिक्रियेला उत्तर : नकली दागिने आणि हाडातली प्लेट

नमस्कार अनामिक,

ऑपरेशनमध्ये बसवलेल्या धातूच्या प्लेटची, म्हणजे इम्प्लांटची, काहींना अ‍ॅलर्जी येते, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय, “डॉक्टर नसताना लोकांना कशाला घाबरवता? लाखो लोक इम्प्लांट घालून मजेत फिरतात. पॅच टेस्टने काही सिद्ध होत नाही. बायकांना नकली दागिन्यांनी खाज सुटतेच, त्याचा ऑपरेशनशी काय संबंध?”

बहुतेकांना त्रास होत नाही, हे मान्यच. लेखाच्या पहिल्या परिच्छेदात तेच लिहिलंय, पण तिथवर तुम्ही वाचलं असावं असं वाटत नाही.

आता ते शेवटचं वाक्य. बाई काही सांगायला लागली की तिला असं झटकून टाकायचं, हा सूर मी ऑपरेशननंतर बराच ऐकलाय. संबंध विचारलात, तर ऐका. नकली दागिन्यांतल्या ज्या निकेल धातूने कानाची पाळी चिघळते, तेच निकेल हाडं जोडायच्या 316 एल नावाच्या स्टीलमध्ये साधारण 10 ते 14 टक्के असतं. शरीरात त्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, थोडे थोडे सुटतात, प्रथिनांना चिकटतात आणि निकेलवर आधीच डूख धरून बसलेल्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) खवळतात.

माझ्या मनगटात अशी प्लेट होती. जखम भरली, आणि व्रणाच्या दोन्ही बाजूंना, बरोबर प्लेटच्या वर, पाणी भरलेल्या बारीक पुळ्या उठल्या. झोपेत खाजवून चादरीला रक्ताचे डाग पडायचे. जंतुसंसर्ग नव्हता, एक्स-रे नॉर्मल होता. मग सल्ला मिळाला, “मनावर घेऊ नका.” शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट केली, म्हणजे पाठीवर निकेलसारख्या पदार्थांचे पॅच लावले. 48 तासांनी ते काढले, तर निकेलच्या जागी लालभडक, सुजलेला चट्टा. हाड जुळल्यावर प्लेट काढली आणि कातडी हळूहळू साफ झाली. कॉलेजात असल्यापासून मला नकली कानातली सोसत नाहीत. ऑपरेशनआधी कोणी विचारलं असतं, तर टायटॅनियमच्या प्लेटचा विचार झाला असता. हे तुम्हाला ‘घाबरवणं’ वाटतं?

नुसत्या पॅच टेस्टवर निदान होत नाही, म्हणून तर संसर्ग आधी तपासतात. आणि डॉक्टर नसण्याचं म्हणाल, तर औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने 2019 मध्ये याच विषयावर सविस्तर आढावा काढून तज्ज्ञांची बैठक बोलावली होती. त्यांनाही हेच विचारणार का?

ऑपरेशनला जाताना ‘मला नकली दागिने सोसत नाहीत’ एवढं सर्जनला सांगा, ही लेखातली ओळ मी काढणार नाही. पुढच्या वेळी नाव घालून लिहा.