काडेनने फॉर्म्युला विकला म्हणे!

‘हिटलरची व्ही-टू रॉकेटं बनवणाऱ्या वाल्टर काडेनने टू-स्ट्रोक इंजिनचा एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर सोडणारी नळी) एकट्याने शोधला, मग सुझुकीकडून पैसे घेऊन फॉर्म्युला विकला आणि पळाला. तुमची आरएक्स १०० ही त्याचीच देणगी!’ जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर हे फिरत होतं तोवर मी गप्प होतो. आता डिप्लोमाला असलेल्या भाच्याने तेच सेमिनारच्या पीपीटीत जसंच्या तसं डकवलंय, म्हणून लिहिणं आलं.

विकल्याचं आधी घेतो, कारण ती सरळसरळ बदनामी आहे. काडेन हा पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटारसायकल कंपनीचा इंजिनिअर. पळाला तो काडेन नव्हे, त्याचा रेसर एर्न्स्ट डेग्नर. सप्टेंबर १९६१, स्वीडनमधलं क्रिस्तियानस्ताड. १२५ सीसीचं जगज्जेतेपद डेग्नरच्या हाताशी आलेलं, आणि ऐन शर्यतीत त्याच्या एमझेडचं इंजिन बसलं. तिथून तो पूर्व जर्मनीत परतलाच नाही. बायको-मुलांनाही गाडीच्या डिकीत लपवून सीमेपार आणलं. सुझुकीच्या हाती काडेनचं तंत्र लागलं ते डेग्नरमुळे. पटत नसेल तर जागतिक स्पर्धेचे निकाल काढून बघा: १९६१ पर्यंत चाचपडणारी सुझुकी १९६२ मध्ये ५० सीसीची विजेती, आणि गाडीवर कोण? डेग्नर! काडेन मात्र त्शोपाऊच्या एमझेड कारखान्यातच राहिला.

रॉकेटचं म्हणाल, तर युद्धात तो शस्त्रांवर काम करत होता, हे मान्य. पण ते हेन्शेल कंपनीत, हर्बर्ट वाग्नरच्या हाताखाली. विमानातून सोडायचा, रेडिओने वळवायचा एचएस २९३ हा ग्लाइड बॉम्ब. व्ही-टू रॉकेट वेगळं, ते वेर्नर फॉन ब्राउन या रॉकेट-इंजिनिअरचं.

‘एकट्याने’ हेही खोटं. फुगीर एक्झॉस्ट डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या एरिख वोल्फने आधी वापरला होता, आणि रोटरी डिस्क व्हॉल्व्ह (इंजिनात मिश्रण आत सोडणारी फिरती चकती) डॅनिएल झिमरमानची. काडेनचं मोठेपण पुढे आहे. एक्झॉस्टमधल्या दाबाच्या लाटा त्याने ऑसिलोस्कोपवर (लाटांचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहिल्या. नळी रुंदावते तिथून उलटी फिरणारी लाट जळका वायू ओढून घेते; पुढे नळी निमुळती होते तिथून परतणारी लाट, बाहेर निसटलेलं हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण पोर्ट (सिलिंडरचं एक्झॉस्टकडचं तोंड) बंद व्हायच्या आत सिलिंडरमध्ये परत ढकलते. लांबी जरा चुकली की ताकद गेली. हे जमवून १९६१ मध्ये त्याने १२५ सीसीतून २५ हॉर्सपॉवर काढली, म्हणजे लिटरला २००, तीही सुपरचार्जरशिवाय, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंपाशिवाय.

राहता राहिली आरएक्स १००. ती यामाहाची, सुझुकीची नव्हे. आणि तिला डिस्क व्हॉल्व्ह नाही, रीड व्हॉल्व्ह (दाबाने आपोआप उघडझाप होणारी पातळ पट्टी) आहे. मेसेज लिहिणाऱ्याने निदान टाकीवरचं नाव तरी वाचायचं.