आयर्लंड बाईपायी बुडालं नाही

लेक डब्लिनला शिकायला गेल्यापासून आयर्लंडबद्दलचं काहीही आमच्या घरच्या ग्रुपवर येऊन पडतं. काल सासूबाईंनी एक मजकूर मोठ्याने वाचून दाखवला: आयर्लंडमधल्या लेन्स्टर प्रांताचा राजा डर्मट मॅकमरो याने दुसऱ्याची बायको पळवली, त्यात राज्य गेलं, सूड म्हणून त्याने इंग्रजांना बोलावलं, बाकीचे राजे मुकाट शरण गेले, वर्षभरात देश गुलाम. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "बघ, बाईपायी राज्य बुडालं." मला राहवेना.

आधी त्या बाईचं. डर्व्होर्गिला ही ब्रेफनीच्या ओरॉर्क राजाची राणी. डर्मटने तिला नेलं 1152 मध्ये, पुढच्याच वर्षी ती परत आली. डर्मट परागंदा झाला 1166 मध्ये. मधली चौदा वर्षं कुठे गेली? 1166 मध्ये डर्मटचा पाठीराखा, उत्तरेचा राजा मॅकलॉक्लिन, मारला गेला, रोरी ओकॉनर आयर्लंडचा सर्वोच्च राजा झाला आणि ओरॉर्क फौज घेऊन चालून आला. राणीवरून राग होताच, पण दोघांची जुनी ओढाताण होती मीथच्या मुलखावरून. आणि ही बाई? 1157 मध्ये तिने मेलिफाँटच्या मठाला साठ औंस सोनं दिलं, 1167 मध्ये क्लॉनमॅक्नॉइसला नन्ससाठी चर्च बांधून पुरं केलं. देश बुडवल्याचं पाप तिच्या माथी कशाला मारता?

डर्मटने परक्यांना आणलं, हे मात्र खरं. स्ट्राँगबो नावाच्या सरदाराला त्याने आपली मुलगी ईफा आणि आपल्यामागे राज्यही देऊ केलं. पण आले ते बहुतेक वेल्समधले नॉर्मन सरदार, फ्रेंच बोलणारे. ते तिथे स्वतःचंच राज्य थाटतील या धास्तीने 1171 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री जातीने आला.

'मुकाट शरण' म्हणणाऱ्यांनी 1175 चा विंडसरचा तह वाचावा. लेन्स्टर, मीथ, डब्लिन, वॉटरफर्ड हेन्रीच्या बाजूला, उरलेल्या आयर्लंडवर रोरीचा अंमल. बदल्यात खंडणी: कापलेल्या दर दहा जनावरांमागे एक कातडं, तेही व्यापाऱ्याला पसंत पडेल असं. इतक्या बारकाईने घासाघीस करणारे राजे मुकाट कसे? आणि तह पाळला नाही तो हेन्रीनेच. 1177 मध्ये कॉर्क आणि लिमरिकची राज्यं त्याने आपल्या माणसांना वाटून टाकली.

राहिलं 'वर्षभरात'. इंग्लंडच्या राजाने 'आयर्लंडचा राजा' हा किताब घेतला तोच मुळी 1541 मध्ये.

लेकीला सांगितलंय, क्लॉनमॅक्नॉइसला गेलीस की त्या चर्चच्या कमानीचा फोटो काढ आणि आधी आजीला पाठव.